नाच पोचला, नाव मागे राहिलं : ‘रेनेगेड’चं प्रकरण

तारीख २५ सप्टेंबर २०१९. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या बाहेर फेएटव्हिल नावाचं गाव आहे. तिथली चौदा वर्षांची जलाया हार्मन शाळेतून घरी आली आणि इन्स्टाग्रामवर ओळख झालेल्या एका धाकट्या मैत्रिणीला तिने विचारलं, आपण दोघी मिळून काहीतरी टाकूया का? गाणं घेतलं ‘लॉटरी’, अटलांटाचाच रॅपर के कॅम्प याचं. त्याच्या ध्रुवपदावर जलायाने नाच बसवला, स्वतःचं शूटिंग केलं आणि आधी फनिमेट या छोट्या ॲपवर टाकलं. तिथे तिचे फॉलोअर सतराशेच्या घरात होते. मग तेच इन्स्टाग्रामवर, मैत्रिणीचा आणि तिचा व्हिडिओ शेजारी शेजारी लावून. तिथे वीस हजारांवर फॉलोअर. व्हिडिओला तेराएक हजार व्ह्यूज मिळाले, काही मुलींनी नाच उचलला, करून पाहिला. शाळेच्या दिवसातली एक बरी संध्याकाळ, एवढंच.

ऑक्टोबरमध्ये दुसऱ्याच कुणी तो नाच टिकटॉकवर नेला. शेवटच्या काही हालचाली बदलल्या. त्यानंतर जे झालं ते टिकटॉक वापरणाऱ्या कुणालाही सांगायला नको. गायिका लिझो, टीव्हीतारका कोर्टनी कार्डॅशियन, कोरियाचे पॉप गायक, शाळांच्या व्हरांड्यातली पोरं, सगळे हा नाच ‘रेनेगेड’ या नावाने करू लागले. सर्वांत जास्त गाजवला तो कनेटिकटच्या पंधरा वर्षांच्या चार्ली डीमेलियोने. लोक तिला ‘रेनेगेडची सीईओ’ म्हणू लागले. जलायाचं नाव कुठेच नव्हतं.

साडेचार महिने हे असं चाललं. पुढे नाव परत मिळालं, तेही मोठ्या थाटात, आणि म्हणून ही गोष्ट बहुतेक वेळा ‘चोरी झाली, मग न्याय मिळाला’ अशी सांगितली जाते. माझ्या मते ही मांडणी चुकीची आहे. चोर शोधायला गेलं की या प्रकरणात हाताला फारसं काही लागत नाही. पण व्हिडिओ एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवर कसा गेला, त्या प्रवासात काय बरोबर आलं आणि काय गळलं, हे पाहिलं की सगळं उलगडतं. गाण्यावर पाटी होती, नाचावर नव्हती. बाकी सगळं त्यातून निघालं.

आधी नाचच नीट पाहू, कारण या वादात नाचाबद्दल कुणी फारसं बोललं नाही.

‘रेनेगेड’ हातांचा नाच आहे. पाय जवळजवळ जागेवरच. खांदे, कोपर, मनगट, थोडी कंबर, आणि सगळं ठेक्यावर इतकं गच्च बसवलेलं की पहिल्यांदा करणाऱ्याचा हात हमखास मागे राहतो. हे असंच का, याचं उत्तर फोनमध्ये आहे. फोन उभा धरला की चौकट अरुंद होते. एक पाऊल डावीकडे टाकलं की माणूस अर्धा कापला जातो. दूर उभं राहावं तर छोट्या स्क्रीनवर हालचाल दिसत नाही. म्हणून नाचणारा गुडघ्यापासून वर दिसेल इतक्या अंतरावर उभा राहतो आणि जे काही सांगायचं ते हातांनी सांगतो. आपल्याकडचं लेझीम पथक या चौकटीत घालून पाहा, नुसत्या कोपरांची गर्दी दिसेल. लेझीमला आडवी जागा लागते, वळणं लागतात, रांगा लागतात. उभ्या फोनने जगभरच्या नाचाला जो आकार दिला, त्याचा ‘रेनेगेड’ हा चोख नमुना आहे.

जलायाने यात वापरलेल्या हालचालींपैकी काही तिच्या आधीपासून फिरत होत्या. ‘वेव्ह’, म्हणजे हालचाल एका सांध्यातून पुढच्या सांध्यात सरकत नेणं. ‘व्होआ’, म्हणजे दोन्ही मुठी छोट्या वर्तुळात फिरवून ठेक्यावर एकदम थांबवणं. व्होआ टेक्सासमधून आली असं सांगतात, आणि तिचेही दावेदार आहेत. तेव्हा जलायाने हालचाली शोधून काढल्या असं कुणी म्हणू नये. तिने रचना केली : कशानंतर काय, किती वेगात, कोणत्या ठेक्यावर थांबायचं. नृत्यदिग्दर्शकाचं काम तेच असतं. शब्द सगळ्यांचेच असतात म्हणून कविता कुणाचीच नाही असं आपण म्हणत नाही.

दुसरी एक बारकी गोष्ट. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात आपण आरशासारखे दिसतो. काही ॲप व्हिडिओ तसाच ठेवतात, काही उलटवून सेव्ह करतात. त्यामुळे व्हिडिओ पाहून शिकणाऱ्याचा डावा-उजवा बदलतो. त्याच्यावरून शिकणाऱ्याचा पुन्हा बदलतो. नाच हातोहात फिरताना हे होतंच. शिवाय टिकटॉकवर नेणाऱ्याने शेवट बदललेला होताच. म्हणजे ज्याचा शेवट बदललेला, तो जलायाच्या व्हिडिओवरून शिकलेला नाही, हे जाणकाराला नुसतं पाहून कळावं. जुन्या पोथ्यांचे पाठभेद लावणारा संशोधक अशाच खुणांवरून कुठली प्रत कुठल्या प्रतीवरून उतरली ते सांगतो. इथे खुणा होत्या, प्रती लाखोंनी होत्या, लावून पाहणारं कुणी नव्हतं.

आता प्रवास. टिकटॉकवर कुठलाही व्हिडिओ उघडा, खालच्या बाजूला गाण्याचं आणि गायकाचं नाव असतं, कोपऱ्यात एक तबकडी फिरत असते. तिच्यावर बोट ठेवलं की त्या गाण्याचं पान उघडतं आणि त्या गाण्यावर केलेले जगातले सगळे व्हिडिओ एका जागी दिसतात. ‘हेच गाणं वापरा’ म्हटलं की गाणं आपल्या व्हिडिओला चिकटतं आणि गायकाचं नाव आपसूक सोबत येतं. कुणी कृतज्ञ असायची गरज नाही, कुणी प्रामाणिक असायचीही नाही. यंत्रच ते करतं.

नाचाला असं पान नव्हतं. ज्या हालचालींमुळे लाखो लोक त्या गाण्याच्या पानावर येत होते, त्या हालचाली कुणाच्या, हे सांगणारी जागाच कुठे नव्हती. कुणाला सांगायचं असलं तर कॅप्शनमध्ये हाताने लिहावं लागे, आणि त्यासाठी आधी माहीत असावं लागे.

यातली गंमत तर पुढेच आहे. नाचाला ‘रेनेगेड’ हे नाव पडलं कुठून? गाण्यात तो शब्द परत परत येतो म्हणून. आणि तो शब्द गाण्यात आला कुठून? गाण्याचा निर्माता स्वतःला रीझी रेनेगेड म्हणवतो आणि आपल्या संगीतात आपलं नाव पेरतो, त्या धंद्यात ही पद्धतच आहे. म्हणजे ‘तुका म्हणे’ किंवा ‘जनी म्हणे’ जसं अभंगाच्या आतच गुंफलेलं असतं, काढायला गेलं तर चरण मोडतो, तशी ही नाममुद्रा गाण्यात होती. जगभरची पोरं जलायाचा नाच करत होती आणि तोंडाने निर्मात्याचं नाव घेत होती. नाच तिचा, नाव त्याचं, प्रसिद्धी चार्लीची. कुणी ठरवून केलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

हे सगळं अटळ होतं असंही नाही. जलाया ज्या वर्तुळात वाढली तिथे नावाची रीत होती. डबस्मॅश, फनिमेट यांसारख्या छोट्या ॲपांवर नाचणारी मुलं बहुतेक कृष्णवर्णीय, एकमेकांना ओळखणारी. दुसऱ्याने बसवलेला नाच केला की कॅप्शनमध्ये ‘डीसी’ लिहून, म्हणजे डान्स क्रेडिट म्हणून, त्याचं नाव द्यायचं. नाही दिलं तर आठवण करून द्यायला चार जण असत. हा नियम कुठल्या कंपनीने केलेला नव्हता. वर्तुळ लहान होतं, तोंडावर बोलणारे होते, म्हणून तो पाळला जाई. नाच या वर्तुळातून बाहेर पडून टिकटॉकवर गेला तेव्हा नाच गेला, रीत गेली नाही. ‘रेनेगेड’ हे एकटं उदाहरणही नव्हे. त्या काळात टिकटॉकवर गाजलेले कितीतरी नाच याच वाटेने आले होते.

जलाया गप्प बसली नव्हती. गाजलेल्या व्हिडिओंखाली जाऊन ती लिहीत होती, हा नाच माझा आहे, मला टॅग करा. बहुतेकांनी दुर्लक्ष केलं, काहींनी टिंगल केली. तिने टिकटॉकवर स्वतःचं खातं काढलं, आपणच मूळ आहोत हे पटवायचा प्रयत्न केला. आईपाशी रडगाणं झालं. पण विचार करा, पुरावा काय होता तिच्याकडे? दुसऱ्या एका ॲपवरची पोस्ट आणि तिची तारीख. आणि ती पाहायला जाणार कोण? कोट्यवधी लोक पाहत असलेल्या व्हिडिओखाली हजारो प्रतिक्रिया असतात, त्यात ‘हे माझं आहे’ म्हणणारे दहा-वीस तर असतातच. खरी कोण आणि उगीच हात धुऊन घेणारी कोण, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. चौदा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या कामाचा दावा सांगायला जागा मिळाली ती अशी, टवाळांच्या बाजारात.

चार्लीबद्दल एक शब्द, कारण तिला खलनायिका करणं फार सोपं आहे. तीही वयाने पोरच. स्पर्धांमधून नाचून तयार झालेली, नाच चांगला करणारी. हा नाच आपण बसवला असा तिचा दावा नव्हता. टिकटॉकवर दिसला, आवडला, केला. नाव लोकांनी दिलं. पण त्या नावाचं पुढे काय होतं तेही पाहायला हवं. जानेवारी २०२०मध्ये हॉलिवूडच्या एका मोठ्या एजन्सीने तिला करारबद्ध केलं. फेब्रुवारीत सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यासाठी केलेल्या एका जाहिरातीत ती झळकली. नोव्हेंबर २०२०मध्ये टिकटॉकवर दहा कोटी फॉलोअरचा टप्पा गाठणारी ती जगातली पहिली ठरली. हे सगळं ‘रेनेगेड’मुळे झालं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण तिच्या नावाशी सर्वांत घट्ट जोडलेला नाच तोच होता. श्रेय म्हणजे नुसता मान नसतो. श्रेयाच्या पाठोपाठ फोन येतात, करार येतात, पैसे येतात. ज्याचं नाव माहीत नाही त्याला फोन कोण करणार?

आणि रंगाचा मुद्दा टाळून हे प्रकरण सांगताच येत नाही. कृष्णवर्णीय कलाकारांनी घडवायचं आणि गोऱ्या चेहऱ्यावर ते लोकप्रिय व्हायचं, ही अमेरिकेतली जुनी कहाणी आहे. संगीतात झालं, नाचात झालं. टिकटॉकने ती कहाणी नव्याने लिहिली नाही, फक्त तिचा वेग वाढवला. पूर्वी ज्याला दशक लागायचं ते आता महिन्यात उरकतं. जलायाच्या प्रकरणात कुणीही मनात आकस ठेवून काही केल्याचं दिसत नाही, तरी निकाल जुनाच लागला. माझ्या मते यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

१३ फेब्रुवारी २०२० रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये टेलर लॉरेन्झ या पत्रकाराचा लेख आला, जलायाचं नाव, छायाचित्र, तारखा, सगळं घेऊन. मग मात्र चक्रं फिरली. चार्लीने आपल्या प्रतिनिधीमार्फत सांगितलं, की श्रेय द्यायला आनंदच आहे. त्या आठवड्याच्या अखेरीस शिकागोत एनबीए या बास्केटबॉल लीगचे ऑल-स्टार सामने होते. टिकटॉकच्या ताऱ्यांना तिथे आधीच बोलावलेलं होतं, आता जलायालाही बोलावणं गेलं. तिने तिथे भर स्टेडियममध्ये नाच केला, चार्ली आणि टिकटॉकचीच दुसरी तारका ॲडिसन रे या दोघींबरोबर व्हिडिओही केले, आणि या वेळी कॅप्शनमध्ये तिचं नाव होतं. के कॅम्पनेही जाहीरपणे तिचे आभार मानले. त्याच्या गाण्याला जे जग दिसलं ते तिच्यामुळे, हे त्याला नाकारण्याचं कारण नव्हतंच.

लेखानंतर चार दिवसांत हे झालं. बरं झालं. पण मला इथे टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत. जगातल्या एका बलाढ्य वृत्तपत्राने मनावर घेतलं तेव्हा एका मुलीला नाव मिळालं, याला व्यवस्था म्हणत नाहीत. पत्रकाराचा फोन किती जणींना येणार?

पुढच्या घटनांनी हे दाखवूनही दिलं. मार्च २०२०मध्ये ओहायोच्या किआरा विल्सनने रॅपर मेगन दी स्टॅलियनच्या ‘सॅव्हेज’ गाण्यावर नाच बसवला आणि दिवसेंदिवस परत परत टाकत राहिली, जेणेकरून मूळ कोण हे लोकांच्या डोळ्यांसमोर राहील. तिचं नाव तुलनेने लवकर पोचलं. नाव टिकवणं हेच एक वेगळं काम होऊन बसलं, नाच बसवण्याइतकंच मेहनतीचं. आणि तरीही मार्च २०२१मध्ये जिमी फॅलनच्या टीव्ही कार्यक्रमात ॲडिसन रेने टिकटॉकचे आठ नाच ओळीने करून दाखवले, किआराचा त्यात होता, तेव्हा पडद्यावर एकाचंही नाव नव्हतं. फॅलन बाजूला उभं राहून नाचांची नावं लिहिलेले पुठ्ठे दाखवत होता. म्हणजे नाचाचं नाव लिहायला पुठ्ठा होता, नाच बसवणाऱ्याचं लिहायला नव्हता! बोंब झाली, आणि एप्रिलमध्ये त्याच कार्यक्रमाने मूळ कलाकारांना व्हिडिओ कॉलवर बोलावून त्यांच्याकडून नाच करवून घेतले.

जून २०२१मध्ये कृष्णवर्णीय नर्तकांनी टिकटॉकवर संप केला. मेगनचं नवं गाणं आलं होतं, नाच बसवायला अगदी तयार. कुणी बसवलाच नाही. लोक त्या गाण्याच्या पानावर जाऊन पाहत होते तर तिथे नुसते हात हलवणारे, काय करावं न कळलेले व्हिडिओ. संपाने काय सिद्ध केलं ते पाहायला याहून चांगली जागा नव्हती.

मे २०२२मध्ये टिकटॉकने श्रेयाचं बटण आणलं. व्हिडिओ टाकताना ज्या व्हिडिओवरून प्रेरणा घेतली तो जोडता येऊ लागला. प्रकरण घडून गेल्यावर अडीच वर्षांहून जास्त काळाने. सोय चांगली आहे, पण फरक लक्षात घ्या : गाण्याचं नाव अजूनही आपोआप येतं, नाचाचं ज्याला वाटेल त्याने जोडायचं. दरम्यान डबस्मॅश डिसेंबर २०२०मध्ये रेडिट कंपनीने विकत घेतलं आणि फेब्रुवारी २०२२मध्ये बंद करून टाकलं. ज्या छोट्या घरात ‘डीसी’ लिहायची रीत होती, ते घरच राहिलं नाही.

कायद्याकडे जाऊ. जलायाने कोर्टात जायला हवं होतं, असं सहज म्हटलं जातं. अमेरिकेत नृत्यरचनेला प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, मिळतो, १९७८पासून तो कायद्यात स्पष्ट आहे. पण सुट्या हालचालींना, सामाजिक नाचांना आणि अगदी साध्या क्रमाला तो मिळत नाही. किती हालचाली झाल्या की ‘साधा क्रम’ संपतो आणि ‘रचना’ सुरू होते, हाच घोळ आहे. २०१९मध्ये अल्फॉन्सो रिबेरो या अभिनेत्याचा गाजलेला ‘कार्लटन’ नाच तिथल्या प्रताधिकार कार्यालयाने नोंदवून घ्यायला नकार दिला. कारण तेच, साधा क्रम. तो नाच फोर्टनाइट या व्हिडिओ गेममध्ये उचलला गेला म्हणून रिबेरो भांडत होता. पंधरा सेकंदांच्या नाचाचं तिथे काय झालं असतं, कुणास ठाऊक.

नंतर वारं थोडं बदललं. काइल हनागामी या नृत्यदिग्दर्शकाने आपल्या नोंदणीकृत रचनेचा दोनेक सेकंदांचा तुकडा फोर्टनाइटमध्ये वापरल्याबद्दल दावा केला. खालच्या कोर्टाने तो फेटाळला, पण नोव्हेंबर २०२३मध्ये अपील न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की नृत्यरचना म्हणजे सुट्या मुद्रांची बेरीज नव्हे. शरीराचा आकार, वेग, जागा, लय, संक्रमण या सगळ्यांची निवड आणि मांडणी पाहावी लागते, आणि तुकडा छोटा आहे म्हणून तो क्षुल्लक ठरत नाही. जलायाच्या बाजूने याहून नेमका युक्तिवाद करता आला नसता. फक्त तो चार वर्षं उशिरा आला. बियॉन्सेच्या ‘सिंगल लेडीज’चा नृत्यदिग्दर्शक जाक्वेल नाइट याने आपली रचना नोंदवून घेतली आणि मग किआरा विल्सनसारख्यांनाही नोंदणीसाठी मदत केली. नोंदणीचा कागद हाती असेल तर निदान कंपन्यांशी बोलताना वजन येतं. शेजारच्या मुलीने आपला नाच केला म्हणून कुणी कोर्टात जाणार नाही, जाऊही नये.

आपल्याकडे १९५७च्या प्रताधिकार कायद्यात नृत्यरचना ‘नाट्यकृती’च्या व्याख्येत येते. अट अशी, की ती लिहून किंवा अन्य रीतीने निश्चित केलेली हवी. कन्नड लेखक शिवराम कारंतांच्या यक्षगान (कर्नाटकातलं नृत्यनाट्य) प्रयोगांबद्दलचा वाद २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तेव्हा हाच मुद्दा चर्चेला आला होता. म्हणजे डोक्यात असलेला, क्लासमध्ये तोंडी शिकवलेला नाच कायद्याला दिसत नाही. ज्यांनी आयुष्यभर मुलांना नाच बसवून दिले आणि कधी कागदावर ठेका-मात्रा उतरवल्या नाहीत, असे कितीतरी सर आणि ताई गावोगाव आहेत. त्यांच्या रचना कुणी नेल्या तर दाखवायला काहीच नसतं.

त्याच कायद्यात कलम ३८पासून कलाकाराचे हक्क सांगितले आहेत, ते मात्र कमी लोकांना माहीत असतात. नाच कुणीही बसवलेला असो, परंपरेतला असो, तो सादर करणाऱ्या नर्तकीच्या संमतीशिवाय त्याचं चित्रीकरण करता येत नाही. स्वतःपुरतं, खासगी वापरासाठी केलेलं चित्रीकरण चालतं. ते लोकांत पसरवलं की बाब वेगळी होते. २०१२च्या दुरुस्तीनंतर सादरकर्त्याला आपलं नाव दिलं जावं असं म्हणण्याचाही हक्क आहे.

हे वाचताना मला आपल्या संगीत बारीचा आणि तमाशाच्या फडांचा विचार येतो. मोडनिंब असो की चौफुला, बैठकीची लावणी समोर बसून पाहायची चीज आहे. आज समोर बसलेल्यांच्या हातात फोन असतात. अदा चालू असते आणि पहिल्या रांगेतून ती रेकॉर्ड होत असते, दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी पेजवर ती येते, वर एखादं भलतंच सिनेमातलं गाणं चिकटवलेलं. लाखभर व्ह्यूज पेजवाल्याला. नाचणारीचं नाव नाही, पार्टीचं नाव नाही, तबलजी आणि पेटीवाला तर जन्मालाच आले नव्हते. जलायाच्या बाबतीत निदान गाणं तेच राहिलं होतं. इथे गाणंही बदलतं, आणि बायकांनी वर्षानुवर्षं जपलेल्या बैठकीच्या लावणीची चाल कुणाच्या कानावर पडतच नाही. शिवाय खाली प्रतिक्रियांमध्ये जे लिहिलं जातं ते वाचायची वेळ त्यांच्या मुलांवर येते. अशा वेळी नुसतं ‘टॅग करा’ म्हणून भागत नाही. आधी विचारायला हवं, आणि नाही म्हणाल्या तर फोन खिशात ठेवायला हवा.

२९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने इथे रील्स आणले. ॲप बदललं, बांधणी तीच : गाण्याचं पान आहे, नाचाचं नाही. लग्नातल्या संगीतासाठी, गणपतीतल्या स्पर्धेसाठी, शाळेच्या गॅदरिंगसाठी नाच बसवणाऱ्या आपल्या माणसांनी जलायाच्या प्रकरणातून काही उचलायचं तर ते अगदी कामाचं आहे. नाव कॅप्शनमध्ये ठेवून विसंबू नका. व्हिडिओ उतरवून व्हॉट्सॲपवर गेला की कॅप्शन मागेच राहतं, आणि आपल्याकडे नाच फिरतो तो व्हॉट्सॲपवरच. नाव चित्रातच लिहा, आणि तेही कोपऱ्यात नको, कोपरा कापला जातो. छातीच्या उंचीला, नाचणाऱ्याच्या बाजूला, फिकट अक्षरात. पहिल्या दोन सेकंदांत तोंडाने सांगता आलं तर उत्तम, ‘हा नाच अमुक ताईंनी बसवला’. मूळ फाइल तारखेसकट जपून ठेवा, एक कच्ची तालीमही ठेवा, कारण चुकत-माकत बसवतानाचा व्हिडिओ नक्कल करणाऱ्याकडे कधीच नसतो. आणि मोठ्या ॲपवर आधी स्वतःच टाका, नाहीतर ते काम दुसरं कुणी करील, शेवट बदलून.

दुसऱ्याचा नाच करताना शोधायला किती वेळ लागतो? गाण्याच्या पानावर जाऊन जितके जुने व्हिडिओ सापडतील तितके पाहायचे, दोन-तीन जणांना विचारायचं. लेझीम, तारपा, कोळीनृत्य यांना एक कर्ता नसतो, पण ज्या गावाकडून, ज्या पथकाकडून शिकलो ते तर माहीत असतं. ते लिहावं. नाही सापडलं तर ‘मूळ कुणाचा ते माहीत नाही, माहीत असेल तर सांगा’ एवढी ओळ टाकावी. जलायाच्या नाचाखाली त्या साडेचार महिन्यांत एवढी ओळ गाजलेल्या दहा जणांनी जरी लिहिली असती, तरी तिची प्रतिक्रिया दावा न राहता उत्तर ठरली असती.